स्क्रीनकडे पाठ करून बसणारे सर

सरांना खेळ बघवत नसे. स्क्रीनवर माणूस धावायला लागला, गाडी वळली, रस्ता गरकन फिरला की त्यांना मळमळायचं. चुकून जरा जास्त वेळ बघितलं गेलं तर दुपारचा डबा तसाच परत जायचा. आणि धंदा काय, तर खेळता खेळता बंद पडणारे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे.

नंदनवन नावाच्या वस्तीत एका घराच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. दुकानाच्या पाटीवर दुकानाचं नाव नव्हतं. ‘गेम बंद पडतो? या.’ एवढंच लिहिलेलं होतं. कुणी ऑफिसचा कॉम्प्युटर घेऊन आलं, प्रिंटर घेऊन आलं, तर सर हात जोडत. म्हणत, “हे सगळेच करतात गा. मी नाही करत.” आता तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि सर शहराच्या टोकाला, बेसा गावात बहिणीकडे राहतात. पण मला सर आठवतात ते त्या प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसलेले. तोंड भिंतीकडे, पाठ स्क्रीनकडे, डोळे मिटलेले, आणि एक हात मागे नेऊन कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवलेला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

आज मी डॉक्टरांशी बोलते, शाळेतल्या बाईंशी बोलते, बँकेतल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारते. हे मला सरांमुळे जमलं. आपण हिला काही शिकवतो आहोत असं त्यांच्या मनातही नव्हतं.

मी तिथे झाडू-पोछा आणि चहासाठी लागले. पहिल्याच दिवशी सवयीने झाडू घेतला आणि दारापासून सुरुवात केली. सर आतून धावत आले.

“बाई! धूळ उडवून राहिल्या तुमी! उडाली की जाते कुठं ती? हिच्या पोटात!” असं म्हणून त्यांनी टेबलावरच्या उघड्या मशीनवर दोन्ही हात आडवे धरले, जसं काही मी तिला मारायलाच निघाले होते.

त्या दुकानात कोरडा झाडू चालत नसे. ओलं फडकं घ्यायचं आणि हळूच पुसायचं. मी इतकी घाबरले की उद्यापासून यायचं नाही असं ठरवलं. पण येणार नाही हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. ते काही जमलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी गेले.

माझं हे लहानपणापासूनचं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्याचा काही फार राग नाही, कारण शाळेतही मी बोलत नव्हतेच. कुणी डोळ्यात बघून विचारलं की उत्तर माहीत असून घशात अडकतं. सासूबाई म्हणायच्या, “हिले देवानं तोंड फक्त जेवाले देलं.” सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण हसायला शब्द लागत नाहीत.

सरांचा भाचा आधी त्यांच्यासाठी खेळ खेळून बघायचा. त्याला पुण्याला नोकरी लागली आणि सर अडले. गिऱ्हाइकालाच खेळायला बसवावं तर त्याचा उपयोग होत नसे. एका दुपारी कॉलेजचा एक मुलगा आपल्याच कॉम्प्युटरवर खेळत होता, सर पाठ करून बसले होते, आणि मी कोपऱ्यात फडकं पिळत होते. खेळ बंद पडला.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“काका, मी जिंकतच होतो ना! फक्त एक राहिला होता! एक!”

“अगा, मशीनचं काय झालं?”

“अचानक बंद पडली.”

‘अचानक’ या शब्दाचा सरांना भारी राग. “अचानक काही होत नसते,” ते म्हणाले. “तू खेळून राहिला, तू पाहून नाही राहिला. खेळणाऱ्याले दुश्मन दिसते, बिघाड दिसत नाही.” मग त्यांची मान माझ्याकडे वळली. “बाई, हात धुवून या इकडं.”

मला वाटलं चहा हवा असेल. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत हे मी न सांगताच त्यांना कळलं. “टिकल्या आहेत का तुमच्याजवळ?” त्यांनी विचारलं. मी पर्समधलं पाकीट काढून दिलं. त्यातल्या टिकल्या त्यांनी कीबोर्डच्या चार बटनांवर चिकटवल्या. लाल म्हणजे पुढे, हिरवी म्हणजे मागे, पिवळी डावीकडे, निळी उजवीकडे. टिकली झिजली की पुढे पुढे ते स्वतःच नवी लावायचे. बायकांच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘गोंद चांगला असलेली टिकली द्या’ म्हणायला त्यांना काहीच वाटत नसे.

त्या पहिल्या दिवशी मी लाल टिकली दाबली आणि स्क्रीनवरचा माणूस चालायला लागला. तो कॉलेजचा मुलगा माझ्यामागे उभा राहून कळवळत होता. “मावशी, तिकडं नका जाऊ! मावशी, तिथं बसले आहेत ना ते! अरे यार, मावशी!”

“सर, मी मेली,” मी म्हटलं.

“मरा. मशीन जिवंत आहे ना?”

“हाव.”

“मग उठा, परत जा.”

मी त्या दुपारी सारखी मरत होते आणि सारखी उठत होते. त्या मुलाला ते बघवेना, तो बाहेर जाऊन उभा राहिला. मला जिंकायचं नव्हतं, हरायची लाज नव्हती. त्यामुळे मला इतर गोष्टी दिसत. पाणी दिसलं की चित्र जरा अडखळतं. धूर आला की आवाज फाटतो. सर म्हणाले, असं माणूस शोधून सापडत नाही. माझ्याबद्दल असं कुणी काही म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

त्यांचा एकच प्रश्न असायचा. बंद पडलं की थोडं थांबायचे आणि भिंतीकडे बघत विचारायचे, “सांगा बाई, काय दिसलं?”

सुरुवातीला मी शहाणपणा केला. म्हटलं, “गरम झाली असन.”

“तुमाले गरम दिसलं का? गरम दिसत नसते. दिसलं काय?”

मी आठवून आठवून सांगितलं, “आधी आवाज अडकला. एकच शब्द परत परत आला. मग चित्र थांबलं. मग सगळं निळं झालं.”

“हां! आता बोलल्या. रोगाचं नाव नका ठेवू. नाव मी ठेवीन. तुमी पाहिलं तेवढं सांगा. आणि त्याच्या आधी काय झालं ते सांगा.”

मी बोलत होते आणि घशात काही अडकत नव्हतं. कारण समोर सरांची पाठ होती. पाठ बघत नाही, हसत नाही, ‘लवकर बोल’ म्हणत नाही. त्या पाठीला मी जितकं सांगितलं तितकं तोवर माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नसेल.

आणि त्या वर्षी मला बोलता येणं फार गरजेचं झालं होतं.

माझी तनू तेव्हा तिसरीत होती. चांगली बडबडी पोरगी, पण बोलता बोलता मध्येच थांबायची. शब्द अर्धा तोंडात, डोळे कुठेतरी लांब. हाक मारली तरी ओ नाही. मग जणू काही झालंच नाही अशी पुढे बोलायची. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. “हिचं लक्ष नसतं. विचारलं तर बघत राहते, वरून मला म्हणते तुम्ही विचारलंच नाही. हे नाटक आहे. अशीच राहिली तर पुढच्या वर्षी इथे ठेवणं कठीण आहे, तुम्ही दुसरीकडे बघा.” तनूला वर्गात मागच्या भिंतीशी उभं करत. तिने मला एकदा विचारलं होतं, “आई, मधलं कुठी जाते?” मला तिचं म्हणणंच समजलं नाही तेव्हा.

डॉक्टरकडेही नेलं होतं. नवऱ्याने सांगितलं, “अशक्त आहे जी, अभ्यासात मन नाही लागत.” डॉक्टरांनी मला विचारलं, “आई, तुम्ही काय पाहिलं?” मी आपल्या चपलांकडे बघत राहिले. त्यांना जेवढं सांगितलं गेलं त्यावर त्यांनी टॉनिक दिलं. त्यांची काय चूक? घरी सासूबाई म्हणाल्या, “माय मुकी आन् लेक बहिरी.” पोरगी नाटकी नाही, आळशी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सांगायचं कुणाला आणि कसं? शाळा सुटण्याचं दुःख मी केलं नाही, पण तिची शाळा सुटेल या विचाराने माझा घास उतरत नसे.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते कुणाला घरचं विचारत नसत. मशीनच्या घरचं मात्र खोदून खोदून विचारत. कुठे ठेवता? वर काय आहे? खाली सतरंजी आहे का? एकदा एक गृहस्थ आले, मे महिन्यात. म्हणाले, सगळे म्हणतात मशीन तापते, म्हणून मी तिची चांगली सोय केली, तरी बंद पडते. सरांनी डबा उघडला. आत गंज चढलेला, आणि वाळ्याचा वास.

“कूलरसमोर ठेवता का?”

“एकदम समोर! आम्ही घरचे बाजूला झोपतो, पण तिला थंड हवा पुरी देतो.”

“हवा नाही देऊन राहिले साहेब, तुमी तिले आंघोळ घालून राहिले.”

ते गृहस्थ जाईपर्यंत सर गंभीर होते. गेल्यावर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. “घरचे बाजूला झोपतात!” असं दिवसभर मध्येच म्हणायचे.

दुसऱ्या एकाच्या मशीनच्या पंख्यावर काळी, चिकट पुटं होती. सरांनी बोट फिरवलं, हुंगलं आणि विचारलं, “तुमच्या घरी पूजा कोण करते?” तो माणूस चमकलाच. कॉम्प्युटर देव्हाऱ्याखाली होता आणि उदबत्ती, कापूर, सगळ्याचा धूर तो ओढून घेत होता. सर म्हणाले, “देवाले नका हलवू, याले हलवा.” दुरुस्ती एवढीच.

त्यांच्या आणखी दोन गोष्टी होत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं झालं, तर कशाने झालं ते कधीच कळत नाही, म्हणायचे. आणि दुसरी अजबच. मशीन नीट चालायला लागली की ते ती परत बिघडवायचे. केलेला बदल काढायचा, पुन्हा तस्संच बंद पडतं का बघायचं, मग परत बदल करायचा. “परत बिघडवता आलं म्हणजे समजलं. नाहीतर नशिबानं चालून राहिली.” गिऱ्हाइकं वैतागायची. चालत असलेली मशीन हा माणूस बंद काय पाडतो!

एक मुलगी आली होती, कॉलेजात शिकणारी. चारजणींच्या गटात ती खेळायची. ऐन खेळात हिचा कॉम्प्युटर बंद पडायचा, सगळ्या हरायच्या. तीन दुकानं फिरून झाली होती. मेमरी बदलली, कार्ड बदललं, सगळं पुसून नवं टाकलं. मैत्रिणींनी सांगून ठेवलं होतं, आता झालं तर तुझ्या जागी दुसरी घेऊ.

मी खेळायला बसले. गोळीबार झाला, आगी लागल्या, मी मेले, उठले. कॉम्प्युटर काही बंद पडेना. मुलगी रडकुंडीला आली. “घरी होते ना काका! खरंच होते!”

“मी खोटं म्हटलं का? सुदं, नीट चालून राहिलं तर कामाचं नाही, बिघडलं पाहिजे. खेळा बाई.”

चहाची वेळ झाली तेव्हा मी तिने दाखवलेलं बटन दाबून खेळ थांबवला. स्क्रीनवर नुसती यादी आली, पुढे जायचं का, बाहेर पडायचं का, अशी. मी उठून आत गेले, आधण ठेवलं, आणि बाहेर येऊन बघते तर स्क्रीन काळी. मला वाटलं, मी काहीतरी मोडलं.

सर स्टुलावरून उठले होते. “आधी काय झालं?”

“काही नाही झालं सर. मी चहा ठेवाले गेली.”

“त्याच्या आधी?”

“खेळ थांबवला. यादी आली.”

“मग?”

“मग मी गेली. जाताना पंखा लय जोरात वाजून राहिला होता.”

सरांनी टाळी वाजवली. “खेळ थांबला, आन् पंखा जोरात!”

मग त्यांनी आम्हा दोघींना समजावलं. खेळ चालू असताना मशीनला खूप काम असतं, त्यामुळे ती आपल्या चालीने चालते. यादीच्या वेळी काम काहीच नसतं, लगामही नसतो. तेच चित्र ती शेकडो वेळा काढत बसते, धावत सुटते आणि कोसळते. मुलगी एकदम म्हणाली, “हाव काका! घरी बी मी मेसेज पाहाले थांबली की बंद पडते!”

“मग हे सांगितलं काहून नाही?”

“मले वाटलं, थांबल्यावर काय होईल? लढाईनंच होत असन.”

सरांनी लगाम लावला, म्हणजे ठरावीक वेळेत इतक्याच वेळा चित्र काढायचं असं मशीनमध्ये नेमून दिलं. यादी उघडी ठेवून आम्ही चहा प्यायलो, काही झालं नाही. मग लगाम काढला, कोसळली. परत लावला. ती मुलगी जाताना सरांच्या पाया पडायला वाकली, तर ते भिंतीकडे सरकले. म्हणाले, “बाईंनी पाहिलं, मी कुठं पाहिलं!”

त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. सगळे म्हणतात तनू अभ्यास करताना थांबते. पण थांबायच्या आधी काय होतं, हे कुणी बघितलंय? मी तरी बघितलंय का? मी बघायला लागले. मधूनमधून दिसायचं, पण मेळ लागत नव्हता. एकदा ती गल्लीतून धापा टाकत आली आणि दारात थांबली. एकदा पाढे एका दमात, धडाधड म्हणत होती आणि मध्येच थांबली.

शाळेला सुट्टी होती म्हणून एका सकाळी मी तिला दुकानात घेऊन गेले. मी टिकल्या दाबत होते, सर पाठ करून बसले होते. तनूने एक जुना कीबोर्ड घेतला आणि मदत म्हणून त्यातली धूळ तोंडाने फुंकायला लागली. फू, फू, फू, जोरात, न थांबता. सर भिंतीकडे बघतच ओरडले, “तोंडानं नाही वं फुंकायचं, थुंकी जाते आत!” तनूने उत्तर दिलं नाही. ती थांबली होती.

“तनू?” मी म्हटलं.

माझ्या आवाजात काहीतरी असावं. सर वळले नाहीत, पण अगदी हळू म्हणाले, “काय दिसून राहिलं, बाई?”

आणि मी बोलले. “डोळे उघडे आहेत. पापण्या फडफडून राहिल्या. कीबोर्ड हातात तसाच आहे, पडला नाही. पडली बी नाही ती. हाक मारली, ऐकू नाही गेलं. ओठ थोडे हलून राहिले.” मग ती परतली आणि पुन्हा फुंकायला लागली. “आता आली. तिले माहीतच नाही थांबली होती म्हणून.”

“आधी काय?”

“फुंकून राहिली होती.”

“मागच्या वेळी?”

“पाढे. एका दमात.”

“त्याच्या मागच्या?”

“धावत आली होती. दम लागला होता.” आणि हे म्हणता म्हणता मलाच ते दिसलं. श्वास. दर वेळी श्वास जोरात झाला होता.

मला इतका हुरूप आला की मी म्हटलं, “तनू, फुंक बरं परत.”

“नाही!” सर ताडकन उठले. तिथे काम करत असताना मी त्यांना एवढं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. “लेकरू आहे ते बाई, मशीन नोहे. हे माझ्या कामाचं नाही, हे डॉक्टरचं आहे. त्यांच्यासमोर जे करायचं ते ते करतील. तुमी फक्त हे असंच जाऊन सांगा. आत्ता सांगितलं तसं.”

मी म्हटलं, डॉक्टर बघतील माझ्याकडे. मला नाही जमायचं.

सर स्टुलावर बसले. मग म्हणाले, “मग तुमी नका पाहू त्यांच्याकडं.”

पुढचे काही दिवस दुकानात हेच चाललं. मी खेळत असायचे आणि सर मध्येच भिंतीला म्हणायचे, “मी डॉक्टर. सांगा.” मी सांगायचे. ‘फिट’ म्हटलं की टोकायचे, नाव नको. ‘नेहमी’ म्हटलं की विचारायचे, नेहमी म्हणजे कधी? ‘खूप वेळ’ म्हटलं तर, खूप म्हणजे? ती थांबते तेवढ्या वेळात आपले श्वास किती होतात, ते मोजून सांगा. दुसरीकडे स्क्रीनवर माझा माणूस उभ्या उभ्या मार खात असायचा.

या वेळी आम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर होत्या त्या, सीताबर्डीच्या बाजूला. नवरा ऑटो लावायला जागा शोधत होता आणि आमचा नंबर लागला. मी आणि तनूच आत गेलो. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “काय होतं हिला?”

माझी नजर चपलांकडे जायला लागली होती. भिंतीवर मुलांची उंची मोजायचा कागद होता, त्यावर लांब मानेचा जिराफ. मी खुर्ची जराशी वळवली, डॉक्टरबाईंकडे अर्धी पाठ केली आणि जिराफाला सगळं सांगितलं. डोळे, पापण्या, हात, ओठ. पडत नाही. नंतर आठवत नाही. आधी काय होतं. फुंकणं, पाढे, धावणं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मध्ये तोडलंही नाही. माझं झाल्यावर त्यांनी कागदाची एक पट्टी तनूसमोर धरली. म्हणाल्या, “याला फुंकर मारत राहा बाळा, हा हलला पाहिजे. थांबू नको.” तनू फुंकत राहिली, फुंकत राहिली, आणि थांबली. कागद थांबला. डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती परत येईपर्यंत ठेवून दिला.

“पाहिलं मी,” त्या म्हणाल्या.

मला तिथेच रडू आलं. इतके दिवस ते माझ्याशिवाय कुणीच नीट पाहिलेलं नव्हतं.

डोक्याला तारा लावून तपासणी झाली. त्यांनी सांगितलं, हा फिटचाच एक प्रकार आहे, लक्ष नसणं नाही, नाटक तर नाहीच. औषध नियमाने द्यायचं. बऱ्याच मुलांचं वाढत्या वयात जातं.

औषध लागू पडायला काही आठवडे गेले. मग मी शाळेत गेले. नवरा म्हणाला, मी येतो, मी बोलतो. मी म्हटलं, नको. वर्ग भरलेला होता, पोरं बघत होती, बाईही बघत होत्या. मी बाईंना दारातच सगळं सांगितलं. तिला काय होतं, काय होत नाही, आणि तिला मागे उभं करू नका, पुढे बसवा. मध्ये कुठेतरी अडकले, पण थांबून पुन्हा बोलले. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “तुम्ही आधी का नाही सांगितलंत हो?”

“मला सांगता येत नव्हतं,” मी म्हटलं.

त्यांनी तनूचं दप्तर स्वतः उचललं आणि पहिल्या बाकावर ठेवलं. तनू तिथे बसली आणि लगेच शेजारणीशी बोलायला लागली. बाईंनी तिला गप्प बस म्हणून दटावलं, जसं इतर पोरींना दटावतात तसं. मला ते ऐकून किती बरं वाटलं ते मी लिहू शकत नाही.

शाळेतून सरळ दुकानात गेले. सरांना म्हटलं, आज खेळायला नाही, मला सांगायचं आहे. ते भिंतीकडे वळायला लागले, सवयीने. मी म्हटलं, “नाही सर, इकडंच बसा.” ते समोर बसले, आणि त्यांनाच कुठे बघावं ते कळेना. ते टिकल्यांकडे बघत राहिले. मी डॉक्टरबाईंचं सांगितलं, कागदाच्या पट्टीचं सांगितलं, बाईंनी दप्तर उचललं ते सांगितलं. आभार मानायचे म्हणून तयारी करून गेले होते, तेवढे मात्र राहून गेले.

माझं संपल्यावर सर उठले आणि आत गेले. भांड्यांचा आवाज आला. गॅस पेटत नव्हता, मग पेटला. इतक्या दिवसांत त्या ओट्यापाशी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चहा नेहमी मीच करायचे. मी उठणार होते, पण उठले नाही.

“बाई,” आतून आवाज आला, “साखर कुठं असते?”

“वरच्या फळीवर सर, डाव्या हाताला,” मी बसल्या जागेवरून सांगितलं. “आणि पत्ती तिच्याच मागं आहे.”